मामांची मारुती आणि पंचवीस हजार रुपये

माझ्या मामांची पांढरी मारुती ८००, २००७ सालची, चिपळूणला त्यांच्या अंगणात आंब्याखाली तीन वर्षं उभी होती. मामांचे गुडघे गेले आणि गाडी चालवणं सुटलं. २०२२च्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू घेऊन जा रे. भंगारवाला रोज विचारतोय, पण त्याला द्यायला माझा हात होत नाही." मी ती पुण्याला आणली, तीही टेम्पोवर चढवून. तीन वर्षं जागची न हललेली गाडी कुंभार्ली घाटातून चालवत आणायची नसते.

घरात ठरलं की पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही. काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करायचं, रविवारी आणि सुट्टीला. मला ती गाडी नुसती चालू करायची नव्हती. आतून-बाहेरून आपल्या मनासारखी सजवायची होती. सहा महिने लागले. जुन्या हॅचबॅकवर हात चालवू पाहणाऱ्यांसाठी त्या सहा महिन्यांतलं लिहितो आहे.

१. रंग बघू नका, आधी मॅट उचला.

पहिल्या रविवारी मी काय केलं असेल, तर मोबाइलवर अलॉय व्हील बघत बसलो. आमच्या ओळखीचे मिस्त्री आले, त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली आणि खालच्या नमद्यावर हात दाबला. पाणी वर आलं. नमदा भिजलेल्या गोधडीसारखा जड झाला होता. तो ओढून काढला, तेव्हा खालचा पत्रा तपकिरी आणि पापुद्र्यांचा दिसला. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तो आरपार गेला. रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकातून मला पार्किंगची फरशी दिसत होती.

पाणी आलं होतं वरून. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिच्या आतून पावसाचं पाणी बाहेर पडायला वाटा असतात. आंब्याच्या पानांनी त्या बुजल्या होत्या. तीन पावसाळे ते पाणी आत झिरपत राहिलं. पानांचा कुजलेला चिखल मी हाताने काढला, दोन मुठी भरून.

कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचं काम गॅरेजमध्येच दिलं. पेट्रोलची नळी तळाखालून जाते, तिथे घरी ठिणगी पाडू नये. पण खरवडणं, तारेचा ब्रश मारणं, रेड ऑक्साइडचे दोन हात देणं, सांधे सीलरने भरणं हे सगळं मी केलं, म्हणून ते काम साडेतीन हजारांत बसलं. कोकणातली किंवा किनाऱ्याकडची जुनी गाडी घेत असाल, तर सौदा ठरण्याआधी मॅट उचलाच. मालक नाही म्हणाला, तर गाडी सोडून द्या.

२. ब्रेकवर कात्री लावायची नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या गाडीतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि मागच्या डाव्या चाकात व्हील सिलिंडरचं रबर फुगून गळत होतं. मास्टर सिलिंडर, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, होज पाइप, पॅड, लायनर आणि नवं ऑइल, सगळे मिळून सात हजार गेले. मिस्त्री समोर उभे राहिले आणि काम माझ्याकडून करून घेतलं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. माझी नववीतली मुलगी पेडलवर बसली. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मी खालून म्हणायचो "दाब", ती तीन-चारदा दाबायची. मग "धर". ती पाय रोवून धरायची, मी निपल पाव फेरा सोडायचो, पारदर्शक नळीतून बुडबुडे निघायचे, निपल आवळायचो आणि मगच "सोड". एकदा तिने माझ्या आधी पाय उचलला आणि हवा परत आत गेली. "बाबा, माझं चुकलं, पहिल्यापासून करू," असं तीच म्हणाली. संध्याकाळी पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं, तेव्हा ती मला न विचारता प्रत्येक चाकाचं निपल पुन्हा तपासून आली. त्या गाडीत मी केलेल्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

एक लक्षात ठेवा. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. शेजारी पाण्याची बादली आणि फडकं हवंच.

३. टायरची जाडी नव्हे, जन्मतारीख बघा.

चारही टायरवर नक्षी भरपूर होती. मी म्हटलं, पैसे वाचले. मिस्त्रींनी बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे दाखवले : २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर कडक झालं होतं, कडेला बारीक चिरा होत्या. नवे चार टायर, १४५/७० आर १२, दहा हजार चारशेला पडले.

इथे मला तेरा इंची चाकांचा मोह झाला होता, कारण ती जुन्या बाजारात स्वस्त मिळत होती. हिशोब करून बघितला. त्याच रुंदीचा टायर तेरा इंची रिमवर चढवला की चाकाचा व्यास सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते. इंजिन ७९६ सीसीचं, ताकद ३७ बीएचपीच्या आसपास. मोठं चाक फिरवायला ते चढावर धापा टाकतं. स्टिअरिंगला पॉवर नाही, म्हणजे मोठ्या चाकाचा भार आपल्याच खांद्यावर. मूळ मापच ठेवलं आणि आजही ते बरोबर वाटतं.

४. उरलेले चार हजार शंभर हेच सजावटीचं खरं बजेट.

पत्रा, ब्रेक, टायर : वीस हजार नऊशे. म्हणजे ज्यासाठी गाडी आणली, त्याला उरले चार हजार शंभर. त्या रात्री वही समोर घेऊन बसलो तेव्हा मन खट्टू झालं. पण त्या तुटपुंज्या पैशानेच गाडीला तिचं रूप दिलं. पैसे असते तर मी दुकानातलं तयार सामान लावलं असतं आणि गाडी चारचौघींसारखी झाली असती.

५. दिवे पिवळट दिसतात म्हणून शंभर वॉटचा बल्ब घालू नका.

मल्टिमीटर लावून बघा. आमच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, बल्बच्या टोकाला १०.८. बारीक जुन्या वायरी आणि झिजलेला स्विच यांत बाकीचं विरत होतं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के पडतो. शंभर वॉटचे बल्ब त्याच वायरींतून आणखी करंट ओढतात आणि होल्डर वितळतो. शिवाय ते नियमातही बसत नाहीत. मी मूळचेच ६०/५५ वॉटचे बल्ब ठेवले आणि साडेसहाशे रुपयांत दोन रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवला. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, बल्बला करंट थेट बॅटरीतून जातो. काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढायची आणि शेवटी जोडायची.

६. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फेकू नका.

दारांच्या आतले पुठ्ठे ओलीने फुगले होते. ते काढल्यावर कळलं, मागचा प्लॅस्टिकचा कागद कुणीतरी स्पीकर बसवताना फाडून टाकला होता. काचेवरून ओघळणारं पाणी दारात जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं आणि पुठ्ठ्याला लागू नये, यासाठी तो कागद असतो. आमची खालची भोकंही मातीने बंद होती. एका दारातून तर पेलाभर गढूळ पाणी निघालं.

जुना पुठ्ठा पेपरावर ठेवून पेन्सिलीने आखला, तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड हॅक्सॉच्या पात्याने कापला, मागून वार्निशचा हात दिला. वर काय लावायचं, हे बायकोने सुचवलं. माळ्यावर एक सोलापुरी चादर होती, लाल-काळी, चौकटीच्या नक्षीची, आमच्या लग्नातली, एका कडेला विरलेली. खालचा निम्मा भाग पाय आणि पाणी लागणारा, तिथे काळं रेक्झिन. वरच्या भागात चादर. जकार्डच्या मागावरचं ते घट्ट विणलेलं सूत ताणलं तरी वेडंवाकडं होत नाही. कोपऱ्यावर मात्र घडी जाड येते, तिथे आतून त्रिकोणी तुकडा कापूनच दुमडावं लागतं. पहिलं दार दोन रविवार चाललं, चौथं दोन तासांत झालं. हार्डबोर्ड, रेक्झिन, फेव्हिकॉल, नव्या क्लिपा मिळून नऊशे रुपये.

गाडी तयार झाल्यावर मामा पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा बराच वेळ दारावरून हात फिरवत होते. ती चादर त्यांनीच आम्हाला लग्नात दिली होती.

७. पावसाळ्यात रंग नाही म्हणजे नाही.

बॉनेटचा रंग उडाला होता. मी घाई केली, श्रावणात उघडीप बघून स्प्रे मारला. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतली वाफ ताज्या रंगावर धरते आणि त्याला दुधाळ डाग पडतात. सगळं घासून काढावं लागलं, पाचशे रुपये आणि एक महिना गेला. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत पुन्हा केलं : लांबी, ४०० नंबरचा वॉटर पेपर, प्रायमर, ८००चा पेपर, रंगाचे तीन पातळ हात, लॅकर, आठवड्याने २०००चा पेपर आणि पॉलिश. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ बरे. जाड हात ओघळतोच. रंग पांढराच ठेवला. वेगळा करायचा तर आरसीत नोंद करून घ्यावी लागते.

८. स्वस्तात मस्त म्हणून गच्चीचं सामान गाडीत आणू नका.

आवाज कमी व्हावा म्हणून मी गच्चीच्या गळतीला लावायची डांबरी पट्टी गाडीच्या आतल्या तळावर चिकटवली, सहाशे रुपयांची. पुढच्या एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत इतका वास भरला की मुलीला उलटी झाली. सगळी खरवडून काढली.

९. कायदा आधी वाचा, मग खर्च करा.

काचांवरची काळी फिल्म २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आणि आरसीतल्या तपशिलात फरक पडेल असे बदल चालत नाहीत, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा सल्ला मला तिघांनी दिला. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागची सरकू शकते. तो सल्ला मी ऐकला नाही, तुम्हीही ऐकू नका.

१०. सामान जपून शोधलं तर या गाडीचं मिळतं.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८००ची किल्ली मिळाली आणि जानेवारी २०१४मध्ये शेवटची गाडी बनली. तीस वर्षं एक गाडी रस्त्यावर येत राहिली, म्हणून तिचे पार्ट पुण्याच्या नाना पेठेत आजही मागितले की निघतात. हँडल, क्लिपा, आरसे, जुना रेडिओ यांसाठी मंगळवार पेठेचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मात्र जुने घेऊ नका, कितीही चांगले दिसोत.

काम संपल्यावर, डिसेंबर २०२२मध्ये गाडी आरटीओत नेली. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पाच हजार झाली होती, वर ग्रीन टॅक्स. हे दोन्ही मी बजेटमध्ये धरलेच नव्हते. तुम्ही धरा. इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबर, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले आणि पाच वर्षांसाठी सही केली.

११. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.

हे मी शेवटी लिहितो आहे, कारण हे तरी वाचून विसरलं जाऊ नये. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो. तो मागच्याच चाकांना लागतो. पुढची मोकळी असतात. आमचं पार्किंग जरा उताराचं आहे. जुलैतल्या एका रविवारी गाडी चार इंच सरकली आणि जॅक आडवा झाला. मी तेव्हा पाना आणायला उठलो होतो. त्याच संध्याकाळी बाराशेचे दोन जॅक-स्टँड आणि पुढच्या चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे आणले. बजेट वाढलं, वहीत लाल शाईने लिहिलं. तुम्ही काम सुरू करणार असाल, तर पहिला पाना विकत घेण्याआधी हे स्टँड घ्या.