शिक्षकांना आपण काय शिकवावे?

काही वर्षांपूर्वी बेळगावातील माझ्या दवाखान्यात सात वर्षांची एक मुलगी आली होती. तक्रार आईची नव्हती, शाळेची होती: लक्ष देत नाही, हाक मारली तरी ऐकत नाही. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. तेव्हा हा भाषेचाच गोंधळ असावा असे मानून मी मोकळा झालो आणि 'अभ्यासात मंद, विशेष लक्ष द्यावे' अशी दोन ओळींची चिठ्ठी दिली.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या नव्या वर्गशिक्षिका सोबत होत्या. त्यांनी वहीच्या मागील पानावर नोंदी ठेवल्या होत्या. फळ्यावरचे उतरवून घेताना पेन्सिल मध्येच थांबते, पापण्या फडफडतात, दहाएक सेकंदांनी लेखन पुढे सुरू होते, पण मधला शब्द गळालेला असतो. असे दिवसातून अनेकदा. मी मुलीला कागदी भिरभिरे फुंकत राहण्यास सांगितले. दोन मिनिटांच्या आत फुंकणे थांबले व नजर स्थिर झाली. ईईजीने अपस्माराच्या 'ॲब्सेन्स' प्रकारावर शिक्कामोर्तब केले. भिरभिऱ्याचे हे काम पहिल्याच भेटीत करणे माझे कर्तव्य होते. दरम्यान माझ्याच चिठ्ठीच्या आधारे तिला शेवटच्या बाकावर बसविण्यात आले होते आणि पालकांना 'दुसरी शाळा पाहा' असे सुचविले गेले होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला. 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकार आले. मुलांना भेदभावाविना प्रवेश देणे, अध्ययन-अक्षमता लवकर ओळखणे आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणे या जबाबदाऱ्याही त्यात नमूद आहेत. प्रशिक्षणाची निमंत्रणे मग आपल्याकडे येतात. आपण जातो, रोगांची नावे व वर्गीकरणे पडद्यावर दाखवतो आणि चहा घेऊन परततो. मीही हेच करीत असे. अशाच एका कार्यशाळेच्या शेवटी एका शिक्षिकेने विचारले, "डॉक्टर, हे सगळे समजले. पण उद्या वर्गात मी नेमके काय करू?" मजजवळ उत्तर नव्हते.

आता मी नावे थोडी सांगतो, पाहावे कसे ते अधिक सांगतो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचलेल्या मुलाला एके दिवशी ऐकू येते, दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणूनच तो 'सोयीस्कर बहिरा' ठरतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, वाक्य संपवून मग लिहावे, एवढ्यानेही त्याला बरेच कळते. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाजवळ जाऊन बोलावे, लांबून ओरडू नये. यंत्र आवाज वाढवते, तसा वर्गातील गलकाही वाढवते.

आपल्या सीमाभागात वाचनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठीत ऐकलेली गोष्ट जो मुलगा रंगवून सांगतो, पण देवनागरीत मात्रा गाळतो, जोडाक्षराशी अडखळतो आणि इतर लिपींतही तसाच अडतो, त्याची तपासणी व्हावयास हवी. जो केवळ नव्या भाषेतच मागे आहे, त्याला वेळ हवा, प्रमाणपत्र नको. हा भेद तीन भाषा जाणणारी शिक्षिका आपल्यापेक्षा लवकर करू शकते. अशा मुलाची तोंडी परीक्षा घेणे म्हणजे मेहेरबानी नव्हे, हेही तिला आपणच सांगावे.

आकडीबद्दल मात्र मी थेट आज्ञाच देतो. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात चमचा घालू नका, कांदा वा चप्पल हुंगवू नका; पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्या. शुद्धीवर आल्यावर मुलाभोवतीची गर्दी हटवा.

त्या मुलीचे झटके औषधाने आटोक्यात आले. नव्या चिठ्ठीत मी तीन गोष्टी लिहिल्या: तिला काय जमते, शिक्षिकेने काय करावे आणि काय दिसल्यास मला कळवावे. गळालेला मजकूर शेजारणीच्या वहीतून उतरवू द्यावा, ही सूचना मूळ त्या शिक्षिकेचीच होती. निदानाचे नाव घालावे की नाही, हे मी आधी आईला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "लिहा. मंद लिहिले होते, त्यापेक्षा हे बरे."