भुरीच्या ताटलीतला हात

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत, गोंदियातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या राईस मिलकडून दोन महिन्यांचं एक पिल्लू आमच्या फाटकाशी आलं. रंगावरून नाव पडलं भुरी. ट्रकांच्या आवाजाला न दचकणारी भुरी स्टीलची ताटली फरशीवर खणकन वाजताच दिवाणाखाली घुसली. आम्ही निजल्यावर येऊन दूधभात न चावता गिळला आणि पहाटे ओकली.

माझी चूक त्यानंतरची. कुणीतरी सांगितलं, ‘खाताना ताटलीत हात घाला, मधूनच ताटली उचला, म्हणजे मालक कोण ते कळतं.’ पहिल्या दिवशी ती थबकली. दुसऱ्या दिवशी अंग ताठ करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी गुरगुरली, तेव्हा मी जोरात रागावले. चौथ्या दिवशी गुरगुरली नाही, सरळ बोटाला चावली. गुरगुरून ती आधी सांगत होती. ते सांगणं मीच बंद पाडलं होतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुतली आणि रेबीजच्या लशीसाठी चार खेपा घातल्या.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुझ्या ताटातला भात रोज कोणी उचलला तर तू काय करशील?”

मग सगळं उलटं केलं. स्टीलची ताटली गेली, पसरट प्लास्टिकचं भांडं आलं आणि त्याखाली बारदान्याचा तुकडा. आवाज बंद झाला, पसरलेलं अन्न गपागप गिळताही येईना. जागा एकच, वर्दळ नसलेली; वेळा ठरलेल्या, दिवसातून चार. मुलांनी भोवती जमायचं नाही, कोणी ‘खा गं, खा गं’ करायचं नाही. ती खात असताना मी पाच-सहा फुटांवरून उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. ती मान वर करून वाट बघू लागली की दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. अंग ताठ झालं की पुन्हा लांब. रिकामं भांडंसुद्धा ती उठून गेल्यावरच उचलायचं.

खाण्यातही बदल केला. दुधाने अनेक पिल्लांचं पोट बिघडतं आणि नुसत्या भाताने वाढ होत नाही. भातात अंडं किंवा उकडलेलं चिकन घाला. कांदा-लसूण मात्र अजिबात नको.

प्रत्येक नकार भीतीचाच असतो असंही नाही. पिल्लू दिवसभर खात नसेल, उलट्या होत असतील, शी रक्ताची होत असेल, तर पार्व्हो हा विषाणूजन्य आजार असू शकतो. तेव्हा युक्त्या करत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जंताचं औषध आणि लसीकरणही तिथेच विचारा.

भुरीचा विश्वास परत मिळवायला आम्हाला दीड महिना लागला. आजही मी जवळ गेले की भुरी खाणं थांबवते, पण ते माझ्या मुठीत अंडं आहे का, हे बघायला.