पिल्लांचे फुगलेले पोट

आमच्या चंपी कुत्रीला चार पिल्ले झाली. त्यांची पोटे फुगली, तेव्हा आजी म्हणाली, "गुटगुटीत आहेत गं!" पण त्यांतले एक वाळत गेले आणि मेले. मग बाबांनी बाकीची टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "हे जंत आहेत."

गोल जंत कुत्रीच्या पिल्लांना आईच्या पोटातच होतात, दुधातूनही होतात. मांजरीच्या पिल्लांना दुधातून होतात. शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले तर ते चपटे जंत. ते पिसवा गिळल्याने होतात, म्हणून पिसवाही घालवाव्यात.

कुत्र्याच्या पिल्लाला २ आणि मांजराच्या पिल्लाला ३ आठवड्यांपासून जंताचे औषध द्यावे. त्यांच्या आईलाही द्यावे. औषध वजनावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांनाच विचारावे. माणसांची गोळी अंदाजाने देऊ नये.

विष्ठेतली जंतांची अंडी मातीत २ ते ४ आठवड्यांनी बाधू लागतात. ती माणसाच्या पोटात गेली तर कधीकधी डोळ्यालाही इजा होते. म्हणून विष्ठा रोज उचलून पुरावी.

आमची तीन पिल्ले आता अंगणभर पळतात. मित्रांनो, पिल्लांशी खूप खेळा, पण जेवणाआधी साबणाने हात धुवा!