तान्ह्या बाळाची चार साधने आणि त्यांचे माप



आपण सगळी मापाची माणसं. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की आपली नजर काट्यावरून हलत नाही. उतारा किती पडला, टनेज किती गेले, हे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण घरात तान्हे मूल आजारी पडले की तिथे मात्र अंदाजपंचे कारभार चालतो. मीठ चिमूटभर, औषध चमचाभर, आणि श्वास "जरा लागल्यासारखा वाटतोय" एवढ्यावर भागते. बाळाचा जीव मुठीएवढा. त्याला मापाची गरज मोठ्या माणसापेक्षा जास्त.

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर भागात, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या परिसरात, बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मूल अंगावर पिणारे असले तर तेही बरोबर येते आणि दिवसभर फडाच्या बांधावर झोळीत असते. राहायला कोपी, आत चुलीचा धूर, बाहेर थंडी, प्यायला मिळेल ते पाणी. लहान मुलांचे दोन मोठे वैरी म्हणजे जुलाब आणि न्यूमोनिया, आणि दोघांनाही अशी जागा मानवते. आपल्या वस्तीवरच्या घरांतही ते येतातच. म्हणून या पाठात चार साधनांची माहिती घेऊ. चारही दिसायला साधी आहेत आणि चारही मापावर चालतात.

१. साखर-मिठाचे पाणी

१९७१ साली बांगलादेशाच्या लढ्यात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा फैलावला. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी ड्रममध्ये कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. छावणीत शंभरात सुमारे तीस माणसे दगावत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आले. डॉक्टरसाहेब २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

यात साखर गोडीसाठी नसते, हे आपण साखर करणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. आतड्याच्या भिंतीत एक दार असते. त्यातून साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाबात इतर वाटा बिघडल्या तरी हे दार चालू राहते. नुसते पाणी पाजले तर ते फारसे टिकत नाही, साखर-मिठाबरोबर दिले तर अंगी लागते.

मात्र माप चुकले तर औषधाचे अपाय होतात. साखर जास्त झाली तर ती उलट अंगातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर बाळाला झटके येऊ शकतात. म्हणून सरकारी दवाखान्यातले किंवा औषधाच्या दुकानातले ओ.आर.एस.चे पाकीट वापरणे सर्वांत चांगले. मोठे पाकीट एक लिटर पाण्याचे असते, लहान पाकिटेही मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या, असे करू नये. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. आधी चव घ्यावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे.

दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाबात पाणी तोडायचे ही जुनी समजूत घातक आहे. डॉक्टर जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, लघवी थांबली असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा बाळ पीतच नसेल, तर दवाखान्यात न्यायला वेळ लावू नये.

२. बोंडले

हे साधन तर आपल्या आजीचेच. छोटी वाटी, तिला एका बाजूला चोच. बाटली आली आणि बोंडले माळ्यावर गेले. पण बाटलीच्या बुचात आणि रबरी बोंडात दूध साचून राहते. कोपीत काय नि बंगल्यात काय, ते रोज नीट उकळून निघणे अवघड. तिथूनच जुलाब सुरू होतात. बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

पहिले सहा महिने आईचे दूधच पुरे, वरचे पाणीही नको. पण दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला कधी ओढायची ताकद नसते, गिळता मात्र येते. अशा वेळी आईचे दूध स्वच्छ वाटीत काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने देतात. किती आणि किती वेळाने, ते बाळाच्या वजनावर डॉक्टर किंवा नर्सबाई ठरवून देतात.

पाजायची रीत महत्त्वाची. बाळाला पायावर आडवे टाकून, रडत असताना घशात ओतायचे नाही. तसे केले तर दूध श्वासनळीत जाते. बाळ जागे असावे, डोके उंच धरावे, चोच खालच्या ओठाला टेकवावी आणि बाळ जेवढे ओढील तेवढेच द्यावे.

३. श्वास मोजणारे मणी

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तिथल्या बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. न्यूमोनिया झाला की बाळाचा श्वास भराभर चालतो. मग श्वास मोजला की रोग कळेल! पण गावच्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून मण्यांची एक पाटी केली आणि तिच्याबरोबर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालील बाळासाठी एक ओळ, त्याहून मोठ्यांसाठी दुसरी.

गावातल्याच माणसांनी श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावा आणि प्रतिजैविक औषध द्यावे, या पद्धतीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. ती राबवलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू इतर गावांच्या मानाने ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे त्यांचे काम देशभर आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने पोचले.

आपल्याला मण्यांची गरज नाही, मोबाईलमधले घड्याळ पुरे. बाळ शांत असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील तर दवाखाना गाठावा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ कण्हत असेल, तर आकडा मोजत बसू नये, निघावे.

४. बुडबुड्यांचे यंत्र

हे दवाखान्यातलेच साधन, घरी करायचे नाही. पण समजून घेण्यासारखे आहे. न्यूमोनियात किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटून जातात. त्या उघड्या ठेवायला हवेचा सौम्य, सतत दाब लागतो. बाळाच्या नाकातून हवा-प्राणवायू देतात आणि परतीच्या नळीचे टोक पाण्यात बुडवून ठेवतात. टोक पाच सेंटिमीटर खोल, तर दाबही पाच सेंटिमीटर पाण्याचा. आपल्या पंपाच्या हेडचाच हा हिशेब! ढाक्याचे डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूची रिकामी बाटली वापरून असे स्वस्त यंत्र चालवले. त्याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

इथेही माप आहेच. १९४०-५० च्या दशकांत परदेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरमसाट प्राणवायू दिला गेला आणि कित्येकांची दृष्टी गेली. म्हणून प्राणवायूही डॉक्टर मोजूनच देतात.

आता आपण काय करायचे?

प्रत्येक घरी ओ.आर.एस.ची दोन पाकिटे आणि लिटरचे माप ठेवावे. आपल्या फडात टोळी उतरली की तिच्यात तान्ही बाळे आणि गरोदर बाया किती, हे मुकादमाला विचारावे आणि गावच्या आशाताईंच्या कानावर घालावे. टोळीतले बाळ गावच्या यादीत नसते, म्हणून ते राहून जाऊ नये. कोपीतली चूल बाळापासून लांब, उघड्यावर मांडायला सांगावे. बाळाला न्यायची वेळ आली तर १०८ ला फोन करावा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. बाळ दवाखान्यात असेल त्या दिवशी त्या जोडीच्या कोयत्याचा खाडा धरू नये, अशी मुकादमाला समज द्यावी. रोज बुडेल या धाकाने आई संध्याकाळपर्यंत थांबते आणि न्यूमोनियात बाळाला तेवढी सवड नसते.