प्रिटोरियाची रात्र

परगावी रात्री गाडीतून उतरावे, घ्यायला कोणी आलेले नसावे, मुक्काम कोठे करायचा ते ठाऊक नसावे. अशी वेळ आपल्यापैकी पुष्कळांवर आली असेल. मग आपण काय करतो? कोणाला तरी विचारतो. पण विचारायचीच भीती वाटू लागली तर?

गांधीजींवर तशी वेळ आली होती. साल १८९३. तेव्हा ते महात्मा झाले नव्हते. तेवीस वर्षांचे तरुण वकील होते. दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्यांच्या दाव्याच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. डर्बन बंदरात उतरले आणि काही दिवसांनी प्रिटोरिया शहराला निघाले.

वाटेत काय झाले ते आपण ऐकले असेल. पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असून मॅरित्सबर्ग स्टेशनावर त्यांना गाडीतून ढकलून दिले. कारण काय, तर कातडीचा रंग! पुढे घोडागाडीच्या प्रवासात एका गोऱ्याने मारले. जोहान्सबर्गला हॉटेलात गेले, तर जागा नाही म्हणाले.

प्रिटोरियाला गाडी पोचली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. वार रविवार. दादा अब्दुल्लांच्या वकिलाकडून कोणी घ्यायला येईल असे वाटले होते. कोणीच आले नाही. दिवे मंद जळत होते. उतारूही थोडेच. गांधीजींनी सगळ्यांना पुढे जाऊ दिले. तिकीट घेणाऱ्याला हॉटेल विचारावे, तर तोही अपमान करील अशी धास्ती. रात्र स्टेशनातच काढावी, असेही मनात आले. एवढा शिकलेला माणूस, पण चार ठिकाणी मार आणि नकार खाल्ला की असे होते हो!

शेवटी विचारले. तो सभ्यपणे बोलला, पण त्याच्याने काही मदत होईना.

जवळच एक काळ्या वर्णाचा अमेरिकन माणूस उभा होता. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामगिरी कायद्याने १८६५ साली बंद झाली. त्याला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. त्याने हे बोलणे ऐकले आणि आपण होऊन पुढे आला. तुम्ही इथे अगदी नवखे दिसता, माझ्याबरोबर चला, माझ्या ओळखीचे एक लहान हॉटेल आहे, असे म्हणाला. गांधीजींच्या मनात शंका आली. पण ते आभार मानून त्याच्याबरोबर गेले.

हॉटेलचा मालक जॉन्स्टन, तोही अमेरिकन, पण गोरा. त्या माणसाने त्याला बाजूला नेऊन समजावले. जॉन्स्टन रात्रीपुरती जागा द्यायला तयार झाला. अट एक : जेवण खोलीतच घ्यायचे. आपल्या मनात रंगाचा भेद नाही, पण गोरी गिऱ्हाइके उठून जातील, असे त्याने सांगितले. गांधीजींनी अट मानली.

ते खोलीत ताटाची वाट पाहत बसले. दाराशी आला तो नोकर नव्हे, खुद्द जॉन्स्टन. म्हणाला, तसे सांगितल्याची मला लाज वाटली. मी बाकीच्यांना विचारले. कोणाची हरकत नाही. चला, सगळ्यांबरोबर जेवायला बसा.

गांधीजी गेले आणि पोटभर जेवले.

पुढे १९२५ साली ते आत्मकथा लिहू लागले, तेव्हाही ही रात्र त्यांच्या ध्यानात होती. आम्ही ते पान मुद्दाम पुन्हा काढून पाहिले. जॉन्स्टनचे नाव आहे. स्टेशनावर भेटलेल्या माणसाचे नाव तेथे नाही.