नऊ हात वर, एक खाली



मागच्या महिन्यात आमच्या गटात महाप्रसादाच्या स्वयंपाकाच्या पाळ्यांवरून वाजलं. आम्ही हात वर करायला लावून विषय उरकला. नऊ विरुद्ध एक. त्या एक ताई तेव्हापासून यायच्याच बंद झाल्या.

वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी विनोबाजींनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी एकत्र राहतात, कामं मिळून करतात. निर्णय मात्र बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकीलाही पटलं नाही तर विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं.

हे वाचलं आणि आम्ही ताईंच्या घरी गेलो. सकाळी त्यांना धारा काढून दूध डेअरीवर पोचवायचं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं! त्यांची पाळी संध्याकाळची केली. आता त्या येतात, पण पहिल्यासारख्या मोकळ्या बोलत नाहीत. त्याला वेळ लागेल.

या आठवड्याचा अभ्यास :
१) घरात निर्णय घेताना जे गप्प बसतात, त्यांना आधी बोलू द्या. बहुतेक वेळा ती घरची सूनच असते.
२) ‘नाही’ म्हणणाऱ्याला ‘का नाही?’ म्हणू नका. ‘अडचण काय आहे?’ असं विचारा.
३) विषय तापला तर उद्यावर ठेवा.

जय गुरुदेव 🙏
– सेवेकरी भगिनी, मेहकर (जि. बिदर)