आजीचे नाक मोठे का दिसते?

घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक शोध सुरू होतो. भिंतीवर लावण्यासाठी फोटो हवा असतो. कपाटातील पाकिटे, जुने अल्बम, सर्वांचे मोबाईल धुंडाळले जातात. लग्नाच्या घोळक्यातला एखादा फोटो सापडतो, पण त्यात चेहरा नखाएवढा असतो. शेवटी ओळखपत्रावरचा, कानावर शिक्का उमटलेला फोटो मोठा करून आणावा लागतो, आणि "हे काही आपले आजोबा वाटत नाहीत" असे जो तो म्हणत राहतो.

देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असेच झाले. आजोबांच्या बाबतीत जे राहून गेले ते आजीच्या बाबतीत राहू नये, म्हणून त्याने आपल्या साध्या मोबाईलने आजीचे फोटो काढायला सुरुवात केली. चाळीसएक फोटो काढून झाल्यावर तो ते घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आजीचे नाक एवढे मोठे नाही हो! आणि हे डोळ्यांखाली काळे कुठून आले? चांगला कॅमेरा घ्यायला हवा का?"

मी त्याला म्हटले, "कॅमेरा राहू दे. शाळेतले प्रकाशाचे धडे तेवढे पुन्हा काढ." ते धडे आज आपणही त्याच्याबरोबर उजळू या.

अंतराचा हिशोब

प्रथम नाकाचा प्रश्न घेऊ. आपला चेहरा सपाट नसतो. नाकाचा शेंडा कानांपेक्षा सुमारे १२ सें.मी. पुढे असतो. कॅमेऱ्यातील प्रतिमेचा आकार वस्तूच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजेच वस्तू दुप्पट दूर गेली तर तिची प्रतिमा निम्मी होते.

आता समजा, मोबाईल आजीच्या नाकापासून ३० सें.मी. अंतरावर धरला. कान ४२ सें.मी. अंतरावर असतील. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. याचा अर्थ असा की कानांच्या मानाने नाक ४० टक्क्यांनी मोठे उमटेल! तोच मोबाईल १५० सें.मी. अंतरावर नेला तर कान १६२ सें.मी. वर येतात आणि गुणोत्तर १.०८ होते. आता वाढ फक्त ८ टक्के. घरात आपण एकमेकांकडे सहसा एवढ्याच अंतरावरून पाहतो. म्हणून आपल्या ओळखीचा चेहरा तो हाच. चूक आजीच्या नाकाची नव्हती, नातवाच्या पायांची होती. त्याने दोन पावले मागे जायला हवे होते.

पुष्कळ लोक हा दोष भिंगाला देतात. तो भिंगाचा नाही, अंतराचा आहे. भिंगाचा हात त्यात एवढाच की मोबाईलचे भिंग फार रुंद दृश्य टिपते. दीड मीटरवरून चेहरा पडद्यावर लहान दिसतो आणि आपण नकळत पुढे सरकतो. हा मोह टाळावा. दुरूनच फोटो काढावा व नंतर कडा कापून टाकाव्यात.

कडा कापल्यावर फोटो पुरेसा स्पष्ट राहील का? तेही मोजू. साध्या मोबाईलचे चित्र आडवे ४००० व उभे ३००० बिंदूंचे असते असे धरा. दोन्ही बाजूंनी निम्मे कापले तरी २००० गुणिले १५००, म्हणजे ३० लाख बिंदू उरतात. भिंतीवरचा फोटो आपण थोडा दुरून पाहतो, तेव्हा इंचाला २०० बिंदू पुरतात. त्या हिशोबाने १० इंच लांब व साडेसात इंच रुंद फोटो सहज छापता येईल.

तुमच्या आजोबांच्या पिढीतील साध्या बॉक्स कॅमेऱ्यांचे भिंग पक्के बसवलेले असे. फार जवळची वस्तू त्यांत अस्पष्ट येई, त्यामुळे दीड-दोन मीटर दूर उभे राहणे भागच पडे. त्या स्वस्त कॅमेऱ्यांनी काढलेल्या जुन्या फोटोंत नाके जागच्या जागी का आहेत, हे आता ध्यानात आले ना?

भर दुपारची गच्ची

पुढचे काही फोटो त्याने मे महिन्यात, भर दुपारी गच्चीवर काढले होते. "भरपूर उजेड हवा म्हणून," असे त्याचे म्हणणे. उजेड भरपूर होता, पण आजीच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या होत्या आणि नाकाची सावली थेट ओठांवर उतरली होती.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २८ जुलैच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तिला आपण शून्य सावली म्हणतो. काठीची सावली नाहीशी होते खरी, पण भुवया आणि नाक पुढे आलेले असल्यामुळे त्यांची सावली बरोबर खाली पडते. खगोलशास्त्राला हा क्षण मोलाचा असला तरी चेहऱ्याच्या फोटोला तो अगदी वाईट.

शिवाय उन्हातील सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते. ग्रहणाच्या धड्यात तुम्ही प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द शिकला आहात. प्रकाशाचा उगम जितका रुंद दिसेल तितकी उपच्छाया रुंद आणि सावलीची कड मऊ. तिची रुंदी काढण्याचे सोपे सूत्र असे: उगमाच्या रुंदीला उगमाच्या अंतराने भागा आणि सावली जेवढी दूर पडते त्या अंतराने गुणा.

सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर आहे. नाकाची सावली ३ सें.मी. दूर पडत असेल तर उपच्छाया ३ भागिले १०८, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आता आजीला घरात आणा आणि एक मीटर रुंद खिडकीपासून एक मीटर अंतरावर बसवा. खिडकीतून ऊन नव्हे, आकाशाचा उजेड येत असावा. या वेळी उपच्छाया येते ३ सें.मी.! सावलीला कड अशी राहतच नाही, उजेड हळूहळू अंधारात विरून जातो. तीन मीटर मागे बसवल्यास तीच खिडकी लहान दिसू लागते आणि उपच्छाया १ सें.मी. वर येते. प्रचंड मोठा सूर्य आपल्या दृष्टीने लहान दिवा ठरतो आणि चाळीतील खिडकी मोठा दिवा, ही गंमत आहे की नाही?

पावसाळ्यातही हेच घडते. ढगांचा थर सूर्यप्रकाश सगळीकडे विखुरतो आणि अख्खे आभाळच उगम बनते. अशा दिवशी सज्जात किंवा उंबऱ्याच्या आत माणसाला बसवून पहा. खोलीला खिडकी नसेल तर उघडे दार तेच काम करील.

चंद्रावरची विवरे आणि गालावरच्या सुरकुत्या

खिडकी कोणत्या बाजूला असावी? दुर्बिणीतून चंद्र पाहिला असेल तर उत्तर तुम्हांला माहीत आहे. पौर्णिमेला चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर मात्र उजेड-अंधाराच्या सीमेजवळची विवरे आणि डोंगर उठून दिसतात, कारण तेथे प्रकाश तिरपा पडतो व उंचसखल भागांच्या सावल्या लांबतात.

चेहऱ्याचेही तसेच. उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून सरळ आला की चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा सपाट होतो. अगदी काटकोनात आला की प्रत्येक सुरकुती खोल घळीसारखी दिसते. म्हणून सुमारे ४५ अंशांचा कोन निवडावा.

अंधाऱ्या बाजूसाठी वेगळा दिवा लागत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला दोरीवर पांढरी चादर टांगावी. तिच्या खरखरीत पृष्ठभागावरून विसरित परावर्तन होऊन मऊ उजेड दुसऱ्या गालावर पडतो. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातील मोठा फरकही सांभाळता येतो. छापील फोटोला तो सांभाळता येत नाही. म्हणून हा फरक कमी करावा लागतो. चादर रंगीत नसावी, नाही तर गालावर तोच रंग चढेल. खोलीतला दिवाही मालवावा. त्याचा पिवळसर प्रकाश आणि आकाशाचा निळसर प्रकाश एकत्र आले की त्वचेचा खरा रंग उमटत नाही.

कॅमेऱ्याची गैरसमजूत

आजीच्या एका फोटोत तिचे पांढरे लुगडे मळकट आणि चेहरा फार काळा आला होता. कॅमेऱ्याला लुगडे कळत नाही. समोरच्या एकूण उजेडाची सरासरी मध्यम करडी आहे असे धरून तो हिशोब करतो. समोर बरेचसे पांढरे असले किंवा पाठीमागे उघडी खिडकी असली की 'उजेड जास्त झाला' असे समजून तो सगळेच चित्र काळवंडतो. हल्ली बहुतेक मोबाईल चेहरा ओळखून हिशोब सुधारतात, तरीही फसतात. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे आणि उजेड थोडा वाढवावा. खिडकीकडे पाठ करून तर कोणाला बसवूच नये. त्वचा नितळ करून दाखवणारी सोय बंद ठेवावी. आजीच्या सुरकुत्या हा दोष नाही, ती तिची ओळख आहे.

घरातला उजेड कमी असल्याने कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी राहते आणि हात हलला की चित्र पुसट होते. पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल टेकवून ठेवा आणि तीन सेकंदांनी आपोआप फोटो निघण्याची सोय वापरा, म्हणजे बोटाचा धक्काही लागणार नाही.

ही अडचण जुनीच आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पेशाने डॉक्टर असूनही त्यांनी छायाचित्रणात नाव मिळवले. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून फोटो घेत आणि त्याला काही सेकंद लागत. फोटोसाठी बसलेल्या माणसाचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकूही लावीत. विजेचा दिवा नव्हता. जो उजेड होता तो आकाशाचाच. तुमच्या खिशातल्या मोबाईलपेक्षा त्यांची साधने कितीतरी अडचणीची होती.

करून पहा

आजीला दमवण्यापूर्वी एका मोठ्या बटाट्यावर सराव करा. त्यात मधोमध खडूचा तुकडा खोचा. हे झाले नाक. बटाटा खिडकीजवळ ठेवून पुढील निरीक्षणे वहीत लिहा.

१. मोबाईल ३० सें.मी., ७५ सें.मी. व १५० सें.मी. अंतरावर ठेवून तीन फोटो काढा. प्रत्येक फोटोत खडूच्या टोकाची रुंदी आणि बटाट्याची रुंदी पट्टीने मोजून गुणोत्तर काढा.

२. बटाटा खिडकीपासून एक मीटर व तीन मीटर अंतरावर ठेवा. खडूच्या सावलीची कड कोठे मऊ दिसते?

३. अंधाऱ्या बाजूस पांढरा कागद, नंतर काळे कापड धरा. काय फरक पडतो?

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात गटागटाने करून घ्यावा. एक मोबाईल आणि एक खिडकी एवढे साहित्य पुरते.

माझ्या विद्यार्थ्याने तो दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी नेहमीप्रमाणे दाराशी मेथी निवडत बसली होती. त्याने समोर चादर टांगली, दीड मीटर अंतरावर स्टुलावर मोबाईल ठेवला आणि तिला गावाकडच्या गोष्टी विचारू लागला. बोलता बोलता ती हसली तेव्हाचा फोटो त्याने छापून आणला आणि तिच्या हातात दिला.

आजीने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "अरे, मी तर अगदी माझ्या आईसारखी दिसते!" तिच्या आईचा एकही फोटो घरात नाही.

तुमच्या घरातही कोणीतरी असेल. येत्या रविवारी सकाळी खिडकी उघडा आणि दोन पावले मागे जा.